फाईलचं नाव आणि क्लासचं नाव वेगळं असूनही जावा प्रोग्राम चालला, मग नियम नक्की काय आहे?

सेमीकोलन_विसरलो:

नमस्कार मंडळी, जावा शिकायला लागून जेमतेम तीन आठवडे झालेत त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं की फाईलचं नाव आणि क्लासचं नाव सेम टू सेम पाहिजे, नाहीतर कंपाईलच होणार नाही. मी ते वहीत दोनदा अंडरलाईन करून ठेवलंय. काल घाईत फाईल प्रॅक्टिस२.जावा नावाने सेव्ह केली, आत क्लास होता कॅल्क्युलेटर, आणि ती चक्क चालली. फोनवरून लिहितोय म्हणून कोड पण देवनागरीत टाकतोय, समजून घ्या.

जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) ११ आहे. जे केलं ते क्रमाने सांगतो. आधी "जावा प्रॅक्टिस२.जावा" असं दिलं, आउटपुट आलं, छान. मग म्हटलं रीतसर कंपाईल करून बघू, "जावासी प्रॅक्टिस२.जावा" दिलं, एकही एरर नाही. मग "जावा प्रॅक्टिस२" दिलं तर म्हणे कुड नॉट फाईंड ऑर लोड मेन क्लास प्रॅक्टिस२. बरं म्हटलं, परत पहिलीच कमांड देऊ, ती तर चालली होती ना, तर आता ती पण चालेना! एरर आली, क्लास फाउंड ऑन ॲप्लिकेशन क्लास पाथ: कॅल्क्युलेटर. मधे मी कोडमधलं एक अक्षर बदललेलं नाही, शप्पथ.

शेवटी वैतागून क्लासच्या आधी पब्लिक लिहिलं आणि जावासी चालवलं तर आत्ता ती वहीतली एरर आली, की क्लास कॅल्क्युलेटर इज पब्लिक, शुड बी डिक्लेअर्ड इन अ फाईल नेम्ड कॅल्क्युलेटर.जावा. मग आधी का नाही आली? नियम आहे की नाही?

एकदाच_सांगतो:

सेम ठेव आणि पुढे जा भावा. यात डोकं घालवण्यासारखं काही नाही. परीक्षेत पण हेच लिही.

जुना_कंपायलर:

वरच्यांचा सल्ला पाळण्यासारखा आहे पण प्रश्नाचं उत्तर नाहीये ते. मुलाने पाच गोष्टी करून बघितल्या आणि पाचही वेळा कॉम्प्युटरने बरोबरच उत्तर दिलंय, ते का ते तरी सांगू.

वहीतलं वाक्य अर्धं आहे. पूर्ण वाक्य असं, की फाईलमधला टॉप लेव्हल क्लास (म्हणजे दुसऱ्या क्लासच्या आत नसलेला) जर पब्लिक असेल तर फाईलचं नाव त्याच्या नावाचंच पाहिजे. पब्लिक नसेल तर जावासीला फाईलच्या नावाशी देणंघेणं नाही, प्रॅक्टिस२ ठेव नाहीतर बटाटा ठेव. इतकंच काय, नावाचा भागच नाही, नुसतं डॉट जावा अशी फाईल केली तरी पब्लिक क्लास नसेल तर कंपाईल होते, इंटरव्ह्यूमध्ये विचारणाऱ्या लोकांचा हा आवडता प्रश्न आहे (आणि कामात आयुष्यात कधी लागत नाही). याचाच दुसरा अर्थ असा की एका फाईलमध्ये पब्लिक टॉप लेव्हल क्लास एकच बसू शकतो, कारण फाईलला नाव एकच असतं.

गंमत म्हणजे जावाच्या लँग्वेज स्पेसिफिकेशनमध्ये (भाषेच्या अधिकृत नियमपुस्तकात), सेक्शन ७.६ मध्ये बघ, हा नियम सक्तीचा म्हणून लिहिलेलाच नाही. तिथे म्हटलंय की पॅकेजेस फाईल सिस्टीममध्ये ठेवलेली असतील तर सिस्टीम हे बंधन घालू शकते. घालू शकते! पब्लिक क्लास हे एक कारण, आणि दुसरं कारण म्हणजे त्याच पॅकेजमधल्या दुसऱ्या फाईलमधून तो क्लास कुणी वापरत असेल तर. जावासी यातलं फक्त पहिलं कारण एरर म्हणून धरतं, दुसरं सोडून देतं, आणि खरा त्रास या सोडून दिलेल्या भागातच होतो.

ते कसं बघ. समज शेप्स.जावा मध्ये तू सर्कल नावाचा साधा क्लास लिहिलास, पब्लिक नाही. मेन.जावा मध्ये तो वापरलास. आता नुसतं "जावासी मेन.जावा" दे. कंपायलरला सर्कल दिसला, तो काय करणार, सर्कल.क्लास आहे का बघणार, नाहीतर सर्कल.जावा शोधणार. शेप्स.जावा उघडून बघायचं त्याला सुचायचं काही कारणच नाही. म्हणून कॅनॉट फाईंड सिंबॉल. पण तू आधी शेप्स.जावा कंपाईल केली असशील तर सर्कल.क्लास तिथे पडलेली असते, मग मेन पण बिनबोभाट होते. एक दिवस तू जुन्या क्लास फाईल्स साफ करतोस आणि कालपर्यंत चालणारी गोष्ट बंद पडते, आणि तू कोडमध्ये चूक शोधत बसतोस जी कोडमध्ये नाहीच. म्हणजे नावाचा नियम हा शिस्तीसाठी नाही, पत्ता आहे तो. कंपायलर क्लासच्या नावावरून फाईलपर्यंत पोचतो, उलटं नाही. जावासीला एक्सलिंट ऑग्झिलरीक्लास असा ऑप्शन देता येतो, तो अशा क्लासबद्दल वॉर्निंग देतो, एकदा लावून बघ.

कोड_आणि_कंटाळा:

बाकीचे तीन प्रकार मी घेते कारण हे मी स्वतः भोगलंय.

"जावा प्रॅक्टिस२" का नाही चाललं? कारण जावा कमांडला फाईलचं नाव द्यायचंच नसतं, क्लासचं नाव द्यायचं असतं. जावासी फाईल वाचते पण बाहेर जी फाईल टाकते तिला नाव क्लासचं देते. तुझ्या फोल्डरमध्ये बघ, प्रॅक्टिस२.क्लास असं काही नसेलच, कॅल्क्युलेटर.क्लास असेल. तेव्हा "जावा कॅल्क्युलेटर" दिलं असतंस तर चाललं असतं. आणि हो, "जावा कॅल्क्युलेटर.क्लास" असं पण देऊ नकोस, तेव्हा तो कॅल्क्युलेटर नावाच्या पॅकेजमधला क्लास नावाचा क्लास शोधायला जातो, बिचारा. सगळे नवीन लोक एकदा तरी हे करतातच, मीही केलंय, एक अख्खा तास गेला होता.

आता ते "जावा प्रॅक्टिस२.जावा" का चाललं. हे २०१८ मध्ये जेडीके ११ आलं तेव्हापासून आहे. जावा कमांडला डॉट जावाने संपणारं नाव दिलं की तो वेगळ्या मोडमध्ये (सोर्स मोडमध्ये) जातो, फाईल मेमरीतच कंपाईल करतो, डिस्कवर क्लास फाईल टाकतच नाही, आणि फाईलमधला जो पहिला टॉप लेव्हल क्लास असेल त्याचं मेन चालवतो. पहिला म्हणजे वरून पहिला, त्यामुळे मेन असलेला क्लास खाली ठेवलास तर पंचाईत. या मोडमध्ये नावाचा नियम तपासतच नाहीत. पब्लिक लिहूनही ती तशी चालेल, करून बघ, पण आधी पुढचं वाच.

दुसऱ्यांदा का नाही चाललं, तर मधल्या जावासीमुळे. तिने कॅल्क्युलेटर.क्लास फोल्डरमध्ये टाकली. आता सोर्स मोडमध्ये कंपाईल केलेला कॅल्क्युलेटर मेमरीत आणि दुसरा कॅल्क्युलेटर क्लासपाथवर (जावा क्लास फाईल्स जिथे शोधतो ती जागा), आणि काही दिलं नसेल तर क्लासपाथ म्हणजे चालू फोल्डरच. एकाच नावाचे दोन, त्यातला क्लासपाथवरचा आधी सापडतो, म्हणून तो सरळ एरर देऊन थांबतो. ती क्लास फाईल डिलीट कर, पहिली कमांड परत चालेल.

सेमीकोलन_विसरलो:

ताई डिलीट केली, चालली!! आणि पब्लिक ठेवूनही चालली. डोक्यावरचं ओझं उतरलं एकदम. जुना_कंपायलर दादा, पत्ता वालं पण समजलं. वहीत आता दुरुस्ती केलीय.

अजून एक दोन विचारू का. क्लासचं पहिलं अक्षर कॅपिटलच का लागतं? स्मॉल ठेवलं तरी कंपाईल होतंय. आणि दुसरं, हे जरा वेडगळ आहे, क्लासचं नाव मराठीत ठेवता येतं का? म्हणजे खरंच देवनागरीत.

रात्रीचा_डिबगर:

कॅपिटल स्मॉलवरून माझी एक जखम सांगतो. आमच्या टीममध्ये एकाने फाईल ऑर्डरसर्व्हिस.जावा सगळी स्मॉल अक्षरात बनवली, नंतर चूक लक्षात आली म्हणून नाव बदलून ओ आणि एस कॅपिटल केलं, आतला क्लास पण तसाच केला. त्याच्या विंडोजवर कंपाईल झालं, माझ्या विंडोजवर पण झालं, आणि बिल्ड सर्व्हर लिनक्स, तिथे तीच तुझी एरर, क्लास पब्लिक आहे, अमुक नावाच्या फाईलमध्ये पाहिजे. आम्ही स्क्रीनला नाक लावून बघतोय, फाईल तर त्याच नावाची दिसतेय! झालं काय होतं की विंडोज आणि मॅक नेहमीच्या सेटिंगमध्ये नावातला कॅपिटल स्मॉल फरक मानत नाहीत, त्यामुळे गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) पण नुसतं अक्षर मोठं केल्याचा बदल कळलाच नाही, त्याच्याकडे नोंद जुन्याच नावाची, आणि लिनक्सने प्रामाणिकपणे जुनंच नाव उतरवून घेतलं. उपाय सोपा आहे, नाव बदलायचं ते गिट एमव्ही ने बदलायचं. पण तो सोपा उपाय कळेपर्यंत शुक्रवारची संध्याकाळ गेली ती गेलीच.

याच घराण्यातला अजून एक प्रकार म्हणजे एकाच फाईलमध्ये टेस्ट नावाचे दोन क्लास, एकाचा टी कॅपिटल, एकाचा स्मॉल. जावाच्या दृष्टीने वेगळे. पण विंडोजवर दोन्हींची क्लास फाईल एकाच नावावर पडते आणि एक दुसरीला खाऊन टाकते. रन करताना नोक्लासडेफफाउंडएरर आणि कंसात राँग नेम असं दिसलं की आधी कॅपिटल स्मॉल बघायचं, मग फोल्डर बघायचं, मग बाकीचं.

जुना_कंपायलर:

देवनागरीत चालतं की. अगदी कायदेशीर. जावाचे आयडेंटिफायर युनिकोडमधले असतात, सुरुवातीला अक्षर पाहिजे, पुढे अक्षर, अंक, काना मात्रा वेलांटी सगळं चालतं. पब्लिक क्लास विद्यार्थी लिही, फाईलला विद्यार्थी.जावा नाव दे (मधला शब्दच मराठी, डॉट जावा आणि पब्लिक क्लास हे इंग्रजीच राहणार बरं का), कंपाईल होईल. जेडीके १८ च्या आधीचं असेल तर जावासीला एन्कोडिंग यूटीएफ ८ आहे असं सांगावं लागतं कारण तोपर्यंत तो मशीनचं डिफॉल्ट धरायचा, २०२२ मध्ये आलेल्या १८ पासून यूटीएफ ८ हेच डिफॉल्ट झालं. मात्र विंडोजच्या कमांड लाईनवर "जावा विद्यार्थी" दिलं की बऱ्याचदा नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते आणि क्लास सापडत नाही, कारण ते नाव लाँचरपर्यंत (म्हणजे जावा कमांडपर्यंत) धड पोचतच नाही.

मी हौसेने एकदा अख्खा छोटा प्रोजेक्ट मराठीत लिहिला होता. तिथे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, ते सांगतो. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही. त्यामुळे "विद्यार्थी विद्यार्थी = न्यू विद्यार्थी()" अशी ओळ झाली, यातला पहिला शब्द क्लास, दुसरा व्हेरिएबल, तिसरा कन्स्ट्रक्टर. कंपायलरला काही अडचण नाही, तो शब्द कुठल्या जागी आलाय त्यावरून ओळखतो. पण खाली पंधरा ओळींनंतर विद्यार्थी डॉट काहीतरी आलं की माणूस अडकतो, हा क्लासवरचा स्टॅटिक कॉल की या एका विद्यार्थ्यावरचा? अशा जागी दोन्ही अर्थ निघत असतील तर जावा व्हेरिएबल धरतं. आता हीच ओळ इंग्रजीत बघ, कॅपिटल एस असलेला स्टुडंट म्हणजे क्लास, स्मॉल एस म्हणजे व्हेरिएबल, डोळा न थांबता पुढे जातो. म्हणून क्लासला पहिलं अक्षर कॅपिटल, मेथड आणि व्हेरिएबलला स्मॉल, कॉन्स्टंटला सगळी कॅपिटल आणि मधे अंडरस्कोअर, पॅकेजला सगळी स्मॉल. कंपायलर यातलं काहीच मागत नाही, वाचणारा मागतो.

आणि मराठीतला एक खास खड्डा. "दुसऱ्या" मधला तो चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे टाईप होतो, एका कीबोर्डवर नुक्तावाला ऱ येतो, दुसऱ्यावर साधा र आणि मधे न दिसणारा जोडाक्षरवाला कॅरेक्टर. स्क्रीनवर हुबेहूब एक, जावाला दोन वेगळी नावं. कॅनॉट फाईंड सिंबॉल येतं आणि समोर सिंबॉल दिसत असतो! मी शेवटी नाव कॉपी पेस्ट करून सुटलो.

अर्धविराम:

नावात काय नसावं ते कुणी बोललंच नाही म्हणून पटकन. अंकाने सुरुवात नको, मधे स्पेस नको, डॅश नको. डॉलर चालतो पण वापरू नका, तो कंपायलर स्वतःसाठी वापरतो. नुसता एक अंडरस्कोअर हे नाव जावा ९ पासून बंद. कीवर्ड नको हे तर आलंच, आणि स्मॉलमध्ये व्हार नावाचा क्लास १० पासून बंद, रेकॉर्ड स्मॉलमध्ये १६ पासून. पॅकेज-इन्फो.जावा आणि मॉड्यूल-इन्फो.जावा मध्ये डॅश कसा काय असं विचाराल तर तो मुद्दामच आहे, डॅशवालं नाव कुठल्याच क्लासचं असू शकत नाही म्हणजे भांडणच मिटलं.

पण माझा खरा मुद्दा वेगळाय. नियमात बसणारी नावं पण घात करतात. मी शिकत असताना लिंक्ड लिस्ट, स्टॅक वगैरे सगळं हाताने लिहायचं होतं, उत्साहात मी स्वतःचा स्ट्रिंग नावाचा क्लास पण लिहिला, कॅपिटल एस सकट. कंपाईल झाला मस्त. दुसऱ्या दिवशी त्याच फोल्डरमधला हॅलो प्रोग्राम, जो आदल्या दिवशीपर्यंत चालत होता, तो परत कंपाईल करून चालवला तर म्हणतो मेन मेथड नॉट फाउंड, प्लीज डिफाईन द मेन मेथड ॲज पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन स्ट्रिंग आर्ग्स. मी बघतोय, अरे तेच तर लिहिलंय! अक्षर अन् अक्षर तेच. तर झालं असं की शेजारी माझा स्ट्रिंग असल्यामुळे मेनमधला स्ट्रिंग म्हणजे माझा स्ट्रिंग झाला, आणि लाँचर शोधतोय जावा डॉट लँग (जावाचं स्वतःचं मूळ पॅकेज) मधला. नाव तेच, माणूस वेगळा. त्याच पॅकेजमधला क्लास हा जावा डॉट लँगच्या आपोआप येणाऱ्या क्लासवर भारी पडतो. त्या दिवसापासून ऑब्जेक्ट, सिस्टीम, मॅथ, थ्रेड, प्रोसेस असली नावं मी हातात घेत नाही. जावा डॉट लँगमध्ये नवीन नावं पण येत राहतात, जावा १६ मध्ये रेकॉर्ड पक्का झाला तेव्हा ज्यांचा स्वतःचा रेकॉर्ड क्लास होता आणि तो स्टार लावून इम्पोर्ट केलेला होता त्यांच्याकडे रेफरन्स इज ॲम्बिग्युअस सुरू झालं.

एकदाच_सांगतो:

म्हणूनच म्हटलं होतं सेम ठेव आणि पुढे जा 😄

बरं एक माझंही. एचटीटीपी, यूआरएल असली आद्याक्षरं क्लासच्या नावात आली तर सगळी कॅपिटल की फक्त पहिलं? आमच्याकडे यावरून दर रिव्ह्यूला वाद होतो.

कोड_आणि_कंटाळा:

जावाच्या लायब्ररीलाच ठरवता आलं नाही हो. एचटीटीपीयूआरएलकनेक्शन हा क्लास बघा, त्यात एचटीटीपीचा फक्त पहिला एच कॅपिटल आणि लगेच पुढे यूआरएल सगळं कॅपिटल, एकाच नावात दोन्ही पार्ट्या. गूगलची जावा स्टाईल गाईड सांगते की आद्याक्षरांना साधा शब्द समजा, फक्त पहिलं कॅपिटल. मला तेच पटतं कारण दोन आद्याक्षरं लागून आली की कुठे तोडायचं कळत नाही. पण टीमने काहीही एक ठरवा आणि फॉर्मॅटरला सांगा, रिव्ह्यूमध्ये नको.

@सेमीकोलन_विसरलो, एक राहिलं. विंडोजवर नोटपॅडमध्ये सेव्ह करत असशील तर फाईल एक्स्टेन्शन दाखवा हे सेटिंग चालू कर. नाहीतर फाईल असते कॅल्क्युलेटर.जावा.टीएक्सटी आणि दिसते कॅल्क्युलेटर.जावा, आणि जावासी म्हणत बसते फाईल नॉट फाउंड.

सेमीकोलन_विसरलो:

ताई ते कालच झालं होतं, लाजेने इथे लिहिलं नाही 😅

स्ट्रिंगवालं मी मुद्दाम करून बघितलं, अगदी तीच एरर आली, खूप हसलो. शेवटचं विचारतो आणि तुम्हाला सोडतो. कॅल्क्युलेटरच्या आत मी हिस्टरी नावाचा अजून एक क्लास लिहिला, पब्लिक स्टॅटिक, त्यातही मेन टाकलं टेस्टिंगला. दोन पब्लिक झाले तरी एरर नाही आली. आणि फोल्डरमध्ये कॅल्क्युलेटर डॉलर हिस्टरी.क्लास, कॅल्क्युलेटर डॉलर १.क्लास असल्या विचित्र फाईल्स आल्यात, व्हायरस नाही ना? उडवू का?

अर्धविराम:

एरर येणार नाही कारण आतला क्लास टॉप लेव्हल नाही, आत कितीही पब्लिक ठेव. डॉलरवाल्या फाईल्स त्याच आहेत, बाहेरचं नाव, डॉलर, आतलं नाव, आणि ज्याला तू नावच दिलं नाहीस त्या अनामिक क्लासला नंबर. उडवल्यास तर प्रोग्राम तिथपर्यंत चालेल आणि तो क्लास लागला की पडेल, सोर्स आहे तोवर परत कंपाईल केल्या की येतील. आतल्याचं मेन चालवायचं असेल तर "जावा कॅल्क्युलेटर$हिस्टरी" असं द्यायचं, फक्त लिनक्स, मॅक किंवा विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ते नाव सिंगल कोटमध्ये टाक, नाहीतर शेलला वाटतं डॉलरपुढे त्याचं व्हेरिएबल आहे, तो तेवढा भाग गिळतो आणि नुसतं कॅल्क्युलेटर चालतं.

सेमीकोलन_विसरलो:

कोट न टाकता दिलं, कॅल्क्युलेटरच चाललं 😄 आता टाकतो.